एकवीस अंकी संख्येचे दोन तुकडे

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय ते एकाच संख्येबद्दल. सदुसष्ट दोन एकमेकांशी गुणायचे आणि उत्तरातून 1 वजा करायचा. 21 अंकी संख्या येते. कागद जवळ असेल तर उतरवून घ्या, तीन-तीन अंक सांगतो: 147, 573, 952, 589, 676, 412, 927.

फ्रान्समधले धर्मगुरू मेर्सेन यांनी 1644 साली एक यादी छापली. दोनाच्या कोणत्या घातातून 1 वजा केला की मूळ संख्या मिळते, म्हणजे 1 आणि ती स्वतः यांखेरीज कशानेच भाग न जाणारी संख्या मिळते, त्या घातांकांची ही यादी. तिच्यात 67 होता. तो चुकीचा आहे, हे कळायला दोनशेहून जास्त वर्षं गेली.

1876 साली एदुआर ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने सिद्ध केलं की ही संख्या मूळ नाही, संयुक्त आहे. आणि हे त्याने एकही विभाजक न शोधता दाखवलं! भाग कशाने जातो ते माहीत नाही, पण जातो हे नक्की. गणितात मला याहून सुंदर फारसं काही दिसलेलं नाही.

ल्युकाच्या कसोटीचं आजचं सुटसुटीत रूप पुढे लेमर यांनी दिलं. 4 पासून सुरुवात करा. वर्ग करा, 2 वजा करा, 14. पुन्हा तेच, 194. आकडा आपल्या संख्येपेक्षा मोठा झाला की तिने भागून फक्त बाकी ठेवा. असं 65 वेळा करा. शेवटी शून्य उरलं तर संख्या मूळ, नाही तर संयुक्त. आपल्या संख्येला शून्य उरत नाही.

अशी खास कसोटी लागलीच असती, कारण फर्माच्या सोप्या नियमाला ही संख्या दाद देत नाही. त्या नियमानुसार, संख्या मूळ असेल तर तिच्याहून 1 ने लहान घातांक घेऊन दोनाचा घात काढावा आणि त्याला तिनेच भागावं. बाकी 1 उरते. आपली संख्या संयुक्त असूनही बाकी 1 च देते. तिच्यातून 1 वजा केला की उरलेल्या संख्येला 67 ने पूर्ण भाग जातो, म्हणून असं होतं.

मग विभाजक शोधायचे कुठे? इथे थोडी मदत मिळते. या संख्येचा कोणताही मूळ विभाजक 134 च्या पटीत 1 मिळवूनच बनतो. शिवाय त्याला 8 ने भागलं तर बाकी 1 किंवा 7 च उरते. लहान विभाजक वर्गमुळाच्या आत, म्हणजे सुमारे 1215 कोटींच्या आत असणार. दोन्ही अटी लावूनही साडेचार कोटींच्या आसपास उमेदवार उरतात, आणि हाताशी कागद-पेन्सिल.

ऑक्टोबर 1903. न्यू यॉर्कला अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीची सभा. फ्रँक नेल्सन कोल फळ्याजवळ गेले. असं सांगतात, की ते एक शब्दही बोलले नाहीत. एकीकडे त्यांनी दोनाचा 67 वा घात काढून 1 वजा केला. दुसरीकडे 193707721 गुणिले 761838257287 हा गुणाकार मांडला. दोन्ही उत्तरं एकच आली आणि सभेने टाळ्या वाजवल्या. सभेची गोष्ट पुढे रंगवून सांगितली गेली असेल, गुणाकार मात्र कोणीही पडताळून पाहावा. 193707721 मधून 1 वजा करून 134 ने भागा, 1445580 येतात, बाकी काही नाही.

ल्युकाचा निकाल आणि कोल यांचे तुकडे यांत 27 वर्षांचं अंतर आहे. संख्या संयुक्त आहे हे ओळखणं एक काम आणि ती फोडणं दुसरं, फार अवघड काम. इंटरनेटवरच्या संदेशांना कुलूप लावणारी आरएसए पद्धत याच अंतरावर उभी आहे.

आजचे संगणक आपली 21 अंकी संख्या क्षणात फोडतात. पण दोनाचा 1277 वा घात घ्या आणि 1 वजा करा. 385 अंकी संख्या येते. ती संयुक्त आहे हे सिद्ध झालंय, पण तिचा एकही विभाजक अजून सापडलेला नाही. कोणाला शोधायचा असेल तर एवढं सांगता येतं: तो 2554 च्या पटीत 1 मिळवून बनलेला असेल.