टर्कीच्या रानातली जुनी बंदूक

श्रोतेहो, नमस्कार. अमेरिकेत वसंत लागला की पहाटे रानटी टर्कीचा नर झाडावरच्या मुक्कामावरूनच ओरडायला लागतो. शिकारी खांद्यांहून रुंद बुंध्याला पाठ टेकून बसतो आणि लाकडी पेटीवर झाकण घासून मादीची साद काढतो. अंगावर लाल, पांढरं, निळं काही नको; नराच्या डोक्याचे रंग तेच असतात. नर ४० वारांच्या आत आला, मान ताठ केली, की एकच बार, डोक्या-मानेवर. ४० वार, त्यापुढे नाही. एवढ्या कामाला जुनी शॉटगन, म्हणजे छऱ्यांची बंदूक, उत्तम, आणि जुन्यांत माझी पसंती ऑटो-५ ला.

तिची हकिगत ऐकाच. जॉन ब्राउनिंग हा युटातल्या ऑग्डेनचा बंदूककार. विंचेस्टर कंपनी त्याची डिझाइनं ठोक रक्कम देऊन घ्यायची. पुढचं काडतूस आपोआप भरणारी ही शॉटगन झाली तेव्हा मात्र तो अडून बसला: ठोक नको, विकल्या जाणाऱ्या प्रत्येक बंदुकीमागे पैसे हवेत. विंचेस्टरचे प्रमुख बेनेट नाही म्हणाले. ब्राउनिंग दुसऱ्या बंदूक कंपनीकडे, रेमिंग्टनकडे गेला. ८ जानेवारी १९०२. तो कार्यालयात वाट बघत बसलेला, आणि बातमी आली की प्रमुख मार्सेलस हार्टली हृदयविकारानं गेले. मग त्यानं थेट बेल्जियम गाठलं आणि हेर्स्टालच्या एफएन कारखान्यानं बंदूक घेतली. ती जवळजवळ शतकभर बनत राहिली.

आणि विंचेस्टर? ब्राउनिंगच्या पेटंटांमुळे त्यांना पहिलं काडतूस भरायला खेचायची मूठ बसवता येईना. त्यांच्या १९११ च्या मॉडेलमध्ये नळीच धरून मागे ढकलायची होती. कागदी काडतूस ओलीनं फुगून अडकलं की लोक दस्ता जमिनीला टेकवून नळी खाली दाबायचे, तोंड स्वतःकडे! त्यात माणसं दगावली. कारागिराला नगामागे मोबदला मिळालाच पाहिजे, मग तो बंदूक घडवो की पैठणी विणो.

आता वापराचं. ऑटो-५ मध्ये बारासरशी नळीही मागे येते. तिला आवर घालते ती पुढच्या लाकडाखालची पोलादी कडी. टर्कीसाठी काडतूस जड, म्हणून कडी स्प्रिंग आणि पितळी तुकड्याच्या मध्ये, उतरती बाजू पितळेकडे. हलक्या काडतुसाला कडी स्प्रिंगच्या मागे. जड काडतूस, कडी मध्ये. हलकं, कडी मागे. चुकलात तर जड बारानं लाकूड तडकतं, नाहीतर हलक्या बारात रिकामं काडतूस बाहेरच पडत नाही. कडी जिच्यावर बसते त्या काडतुसांच्या नळीला तेल नावापुरतंच; जास्त झालं की घर्षण जातं.

जुन्या फुल चोकमधून, म्हणजे तोंडाशी सर्वांत अरुंद केलेल्या नळीतून, पोलादी छरे मारू नका, नळीचं तोंड फुगतं. छरे शिशाचे, आकार ५ किंवा ६ नंबर. जुन्या १६ गेजची (गेज म्हणजे नळीच्या जाडीचं माप) चेंबर, म्हणजे काडतूस बसायची जागा, २ पूर्णांक ९/१६ इंचांची असू शकते. ती आधी बंदूककाराकडून मोजून घ्या. शेवटी ४० वारांवर कागद लावा आणि डोक्या-मानेत किती छरे बसले ते मोजा. कमी भरले तर ३० वारांवर पुन्हा मोजा, आणि रानातही तितकंच अंतर धरा.