चेन मागताना नुसते इंच सांगू नका

श्रोतेहो, नमस्कार.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि आंबा, फणस, सुपारी, नारळ, उभ्या बागा आडव्या झाल्या. तेव्हा रस्ते मोकळे करताना चेनसॉचं मोल सगळ्यांनाच कळलं. आज कितीतरी बागायतदारांच्या पडवीत हे यंत्र असतं. पावसाआधी घरावर आलेल्या फांद्या काढायच्या असतात, जुनी चेन झिजलेली असते, आणि आपण बाजारात जाऊन म्हणतो, "बावीस इंची चेन द्या." माझं सांगणं एवढंच आहे, की नुसत्या इंचांवर चेन घेऊ नका.

इंच हे बारचं, म्हणजे चेन जिच्याभोवती फिरते त्या लांब पट्टीचं माप आहे. एकाच लांबीच्या बारला कंपनीप्रमाणे वेगळी चेन लागते. सोळा इंची बारचंच पाहा. ०.३२५ इंच पिचच्या (पिच कसं मोजायचं ते पुढे सांगतो) हुस्कवर्ना कंपनीच्या चेनमध्ये बहुधा ६६ ड्राइव्ह लिंक असतात, तर त्याच मापाच्या श्टील कंपनीच्या काही चेनमध्ये ६७. ड्राइव्ह लिंक म्हणजे बारच्या खाचेत उतरणारी खालची टोकदार पाती. एका पात्याचा फरक ताण देण्याच्या स्क्रूवर कदाचित निभावेल, पण तीन-चार पाती कमी-जास्त झाली की चेन एक तर चढतच नाही, नाहीतर लोंबत राहते. म्हणून जुन्या चेनची पाती मोजा. एका पात्याला खडूची खूण करा आणि तिथून फिरून परत तिथेच या. दुकानात 'अडतीस दात्यांची', 'त्रेचाळीस दात्यांची' असंही मागतात. साध्या चेनमध्ये दर दात्यामागे दोन पाती असतात, म्हणजे अडतीस दाते असतील तर ७६ पाती. पण विरळ दात्यांच्या चेनला हा हिशेब लागू नाही, तेव्हा पातीच मोजलेली बरी.

आता पिच. चेनच्या कड्या जोडणारे ओळीनं तीन रिव्हेट घ्या. पहिल्याच्या मध्यापासून तिसऱ्याच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा आणि त्याचं निम्मं करा, ते पिच. पूर्ण अंतर साडेसोळा मिलिमीटर भरलं तर पिच ०.३२५ इंच, एकोणीसच्या आसपास भरलं तर ३/८, म्हणजे तीन सूत. इथे मात्र थांबा, कारण सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. तीन सुतात दोन जाती आहेत. एक मोठ्या मशिनची पूर्ण उंचीची आणि दुसरी लहान मशिनची बुटकी, लो प्रोफाइल. नाव तेच असलं तरी दोघींचं स्प्रॉकेट, म्हणजे चेन फिरवणारं दातेरी चाक, वेगळं असतं. श्टीलच्या चेनवर दात्याच्या पुढच्या उंचवट्यावर बारीक आकडा कोरलेला असतो: ३ असेल तर पूर्ण, ६ असेल तर बुटकी. ओरेगॉन कंपनीच्या चेनमध्ये ड्राइव्ह लिंकवर ९१ दिसलं तर ती बुटकी, ७२ किंवा ७३ दिसलं तर पूर्ण. आकडा तेलकट मळानं झाकलेला असतो. रॉकेलच्या फडक्यानं पुसा आणि उन्हात धरून वाचा.

चुकीच्या पिचची चेन स्प्रॉकेटच्या दातांवर नीट बसत नाही, वर चढते, उड्या मारते, तुटते. मशीन पूर्ण वेगात असताना चेन तुटली तर काय होईल, हे मी वेगळं सांगायला नको.

तिसरं गेज, म्हणजे त्या पात्याची जाडी. नेहमी भेटणारी गेजं १.१, १.३, १.५ आणि १.६ मिलिमीटर. डोळ्यांना हा फरक दिसत नाही, जाडी मोजायचा व्हर्नियर कॅलिपरच लावावा लागतो. जाड पातं खाचेत जाणारच नाही. पातळ पातं जातं, आणि म्हणूनच ते जास्त घातक. चेन खाचेत डुलते, काप तिरका जातो आणि आपण दोष देतो धारेला. बऱ्याच बारवर मशिनकडच्या टोकाला पिच, गेज आणि पात्यांची संख्या छापलेली असते. ती खरवडली गेली नसेल तर तिचा फोटो काढून दुकानात दाखवा, काम सोपं होतं.

बारच्या नाकात, म्हणजे पुढच्या टोकाला, स्प्रॉकेट असेल तर त्याचं आणि मशिनमधल्या स्प्रॉकेटचं पिच चेनशी जुळलं पाहिजे. मशिनमधल्या स्प्रॉकेटवर खोल चरे पडले असतील तर नवी चेन त्यावर चढवू नका, ती लवकर झिजेल. दोन चेनमागे एक स्प्रॉकेट बदलावं, हा खर्च मला वाजवी वाटतो. चेनला धार लावायची कानसही पिचप्रमाणे बदलावी लागते: बुटक्या तीन सुतीला ४ मिलिमीटरची, ०.३२५ ला ४.८ ची.

दात्याचा प्रकारही विचारून घ्या. पडलेल्या झाडाच्या सालीत माती आणि जांभ्याचा चुरा अडकलेला असतो. चौकोनी कोपऱ्याची फुल चिझल चेन झपाट्यानं कापते, पण मातीला लागली की लगेच बोथट होते. बागायतीसाठी मी गोल कोपऱ्याची सेमी चिझलच सुचवेन.

चढवताना स्पार्क प्लगची टोपी काढा आणि हातमोजे घाला. बारच्या वरच्या बाजूला दात्यांची धार नाकाकडे हवी. चेन खालून लोंबू नये, पण हातानं ओढली की सहज फिरावी. काम संपल्यावर ताण थोडा सैल करा, कारण तापून लांबलेली चेन गार होताना आखडते आणि शाफ्टवर ओढ येते.