ऑप्शनल लिहिलं, तरी रिक्वायर्ड? पायडँटिक आणि जेसन स्कीमा

नमस्कार मंडळी! पायडँटिक म्हणजे पायथनमध्ये डेटा तपासणारी लायब्ररी. तिच्या बेसमॉडेलवरून क्लास काढायचा, फील्डना टाइप द्यायचे, 'मॉडेल अंडरस्कोर जेसन अंडरस्कोर स्कीमा' कॉल केलं की जेसन स्कीमा, म्हणजे डेटा कसा हवा याचं वर्णन, तयार. हे तुम्हाला येतं, पुढे जाऊ.

सारखा येणारा प्रश्न: "सेक्टर ऑप्शनल स्ट्रिंग केलाय, तरी स्कीमातल्या रिक्वायर्डच्या (सक्तीच्या फील्डच्या) यादीत कसा?" आणि त्याच्या खाली ठरलेलं, "लायब्ररीचा बग आहे." नाही हो, बग नाही!

पत्त्याचं मॉडेल घ्या. वाशीच्या पत्त्यात सेक्टर असतो, ठाण्यात नौपाड्याच्या पत्त्यात नसतो. पायडँटिक 2 मध्ये ऑप्शनलचा अर्थ एवढाच, की किंमत नल चालेल. सरकारी फॉर्मवर आपण 'निरंक' लिहितो ना, तसं. रकाना मात्र हवाच. रकानाच गाळायची मुभा हवी असेल, तर पुढे 'इक्वल टू नन' लावा (जेसनमधला नल तोच पायथनमध्ये नन). मुभा डिफॉल्ट देतो, टाइप नाही.

स्कीमा उघडून बघा. दोन्ही वेळा सेक्टरखाली 'एनीऑफ'मध्ये स्ट्रिंग आणि नल. नन लावल्यावर तिथे 'डिफॉल्ट: नल' येतं आणि रिक्वायर्डमधून सेक्टर जातो. बस्स.

उलटं करून बघा. साधी स्ट्रिंग, डिफॉल्ट रिकामी. आता रकाना गाळलेला चालतो, पण फ्रंटएंडने नल पाठवला की एरर!

अजून पटत नसेल तर पॅच रिक्वेस्ट घ्या, म्हणजे फक्त बदललेली फील्ड पाठवणारी. माणूस वाशीहून नौपाड्यात आला, सेक्टर नल पाठवला: म्हणजे पुसा. दुसऱ्याने फक्त फ्लॅट नंबर पाठवला: म्हणजे सेक्टरला हात लावू नका. ऑब्जेक्टमध्ये मात्र दोघांचाही सेक्टर नन दिसतो. म्हणून डंप करताना (ऑब्जेक्टमधून डेटा बाहेर काढताना) 'एक्स्क्लूड अनसेट' ट्रू ठेवा, म्हणजे न पाठवलेली फील्ड वगळली जातात, नाहीतर दुसऱ्याचा सेक्टर गुपचूप उडतो.

गोंधळ जुन्या ट्युटोरियलमुळे होतो. व्हर्जन 1 मध्ये ऑप्शनल लिहिलं की नन आपोआप मिळायचं. 2023 मध्ये 2 आलं आणि ती सवय मोडली. व्हिडिओची तारीख बघत जा, प्लीज.

जाता जाता पिनकोड. इंटिजर नको, स्ट्रिंग ठेवा. जेसन स्कीमात पॅटर्न (अक्षरांचा साचा, रेजेक्स) स्ट्रिंगलाच लागू होतो. सहा अंकांच्या पॅटर्नला सुरुवातीला कॅरेट (^), शेवटी डॉलर ($) हवाच. नाहीतर 4006012 सुद्धा पास, कारण त्याच्या पोटात सहा अंक सापडतात.

आणि रिस्पॉन्सचा, म्हणजे बाहेर जाणाऱ्या डेटाचा, स्कीमा काढताना मोड 'सीरियलायझेशन' द्या. न दिल्यास 'व्हॅलिडेशन' धरला जातो. सीरियलायझेशन मोडमध्ये, मॉडेलच्या कॉन्फिगमध्ये 'जेसन स्कीमा सीरियलायझेशन डिफॉल्ट्स रिक्वायर्ड' ट्रू केलं, तर नन लावलेला आपला सेक्टर पुन्हा रिक्वायर्डमध्ये दिसेल, कारण बाहेर जाताना ती की सहसा असतेच. आता याला तरी बग म्हणू नका!