विटांना नंबर असतो, ठुशीला नसतो

नमस्कार श्रोतेहो. दोन काळांत चालणाऱ्या कादंबऱ्या तुम्ही वाचल्या असतील. एक धागा महायुद्धातला, दुसरा आजचा. आजी जाते, माळ्यावरची ट्रंक उघडते, तळाशी पत्रं सापडतात आणि नात हरवलेल्या दागिन्याच्या मागावर निघते. मला हा प्रकार आवडतो. पण खरं सांगू? त्यातली नात बहुधा कंटाळवाणी असते. आजीने सगळं भोगलेलं असतं, हिला फक्त पत्रं वाचायची असतात.

या नातीला खरं काम द्यायचं, तर १९४४ची मुंबई घ्या.

१४ एप्रिल. व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ हे जहाज लागलेलं. पोटात सुमारे १,४०० टन दारूगोळा, कराचीला भरलेल्या कापसाच्या गासड्या, तेलाची पिंपं आणि खोक्यांत सोन्याच्या १२४ विटा, एकेक साडेबारा किलोच्या वर. दुपारी दोनच्या सुमारास आग लक्षात आली. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, पाठोपाठ दुसरा. शेकडो माणसं गेली, त्यांत अग्निशमन दलाचे ६६ जवान. पेटता कापूस गोदीलगतच्या वस्त्यांवर पडला.

आणि बातमी? जपान्यांच्या ताब्यातल्या रेडिओ सायगॉनने ती दुसऱ्याच दिवशी तपशिलासकट दिली. इथल्या वर्तमानपत्रांना मात्र सेन्सॉरने मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत रोखून धरलं. शत्रूला सगळं ठाऊक, आणि नागपुरातल्या भावाला मुंबईतल्या बहिणीचं काय झालं ते पेपरात शोधायची सोय नाही!

सोन्याची गोष्ट वेगळीच. एक वीट मैलभर लांब, एका पारशी गृहस्थांच्या घराचं छप्पर फोडून आत पडली. त्यांनी ती परत केली. इतर विटा पुढे गोदीतला गाळ उपसताना निघत राहिल्या, काही तर कित्येक वर्षांनी. विटेवर नंबर होता, त्यामुळे मालक कोण हा प्रश्नच नव्हता. पण चाळीतल्या खोलीत ठुशी वितळली, तर तो गोळा कुणाचा?

पॅरिसमध्ये रोझ व्हॅलां या संग्रहालयातल्या बाईंनी, आपल्याला जर्मन कळतं हे लपवून, नाझी कुठली चित्रं कुठे नेतात याच्या गुपचूप नोंदी ठेवल्या. त्या नोंदींमुळे युद्धानंतर कितीतरी चित्रांचा माग लागला. चाळीतल्या डब्यातल्या दागिन्यांची अशी यादी कोण करणार?

म्हणून आपल्या नातीकडे पुरावा तुटपुंजाच हवा. लग्नातला एक फोटो, सोनाराची चिठ्ठी, फार तर एखाद्या सावकाराची जुनी वही. त्या वहीत तिला तारीख दिसावी फेब्रुवारी १९४४ची. म्हणजे स्फोटाच्या दिवशी ठुशी घरात नव्हतीच, आधीच गहाण पडली होती. का, कुणासाठी, ते लेखकाने ठरवावं. आजीने मात्र सासरी जन्मभर एकच सांगितलं: “स्फोटात गेली.” कुणी उलटून विचारलंही नाही. आणि विचारून तपासणार कसं? पेपरांत तर जवळजवळ महिनाभर स्फोटच झाला नव्हता.