अंगातलं पाणी

(दृश्य: काळोख. फक्त वाऱ्याचा आवाज.)

जुलै १९११. अंटार्क्टिकातला ऐन हिवाळा. भर दुपारीही सूर्य उगवत नाही. रॉबर्ट स्कॉट यांच्या मोहिमेतली तीन माणसं एम्परर पेंग्विनची अंडी आणायला निघाली आहेत. एडवर्ड विल्सन, हेन्री बॉवर्स आणि ॲप्स्ली चेरी-गॅरार्ड. पारा उणे ६० अंशांपर्यंत घसरलाय.

एका सकाळी चेरी-गॅरार्ड तंबूतून बाहेर येतो, मान वर करून आजूबाजूला बघतो. आणि मान परत खाली येईना. जेमतेम १५ सेकंदांत अंगावरचे कपडे होते तसेच्या तसे गोठलेत. पुढचे ४ तास त्यानं तशाच ताठ मानेनं स्लेज ओढली.

कपडे गोठायला आधी ते ओले असावे लागतात. ते भिजले कशानं? पावसाचा प्रश्नच नव्हता. पाणी त्याचंच होतं, घामाचं आणि श्वासाचं. निघताना त्याची स्लीपिंग बॅग साधारण ८ किलोंची होती. ५ आठवड्यांनी परतला, तेव्हा तीच बॅग २० किलोंची झाली होती. मधले १२ किलो म्हणजे बर्फ. रात्रीमागून रात्री त्याच्याच अंगातून निघालेला आणि अस्तरात थिजलेला.

(दृश्य: फळीवर ओळीनं टांगलेली जॅकेटं.)

आता या जॅकेटांकडे बघू. घ्यायला आलेला माणूस आधी विचारतो, "यात किती ऊब आहे?" ऊब जॅकेटात नसते. ती आपल्या अंगात असते. जॅकेट फक्त अंगाभोवतीची हवा हलू देत नाही. त्यामुळे विचारायचा प्रश्न निराळा आहे. माझ्या अंगातलं पाणी यातून जाणार कुठं?

हवा धरून ठेवण्यात पिसांचा हात धरणारं अजून काही सापडलेलं नाही. बदकाच्या किंवा हंसाच्या छातीवरची ही मऊ पिसं, म्हणजे डाऊन. १९२२ साली गिर्यारोहक जॉर्ज फिंच एव्हरेस्टच्या मोहिमेवर गेला, तेव्हा त्यानं फुग्याच्या कापडात पिसं भरून कोट शिवून घेतला होता. आधी सोबत्यांनी त्याची टर उडवली. वरच्या वाऱ्यात पोहोचल्यावर मात्र त्याच कोटाचा हेवा वाटायला लागला.

आज डाऊनच्या जॅकेटवर एक आकडा छापलेला असतो, फिल पॉवर. ६००, ८००, क्वचित ९००. ८०० म्हणजे एक औंस, साधारण २८ ग्रॅम पिसं मोकळी सोडली, की फुगून ८०० घनइंच जागा व्यापतात. जवळपास १३ लिटर. आकडा पिसांच्या प्रतीचा आहे, जॅकेटच्या उबेचा नव्हे, आणि घोळ होतो तो इथेच. ८०० प्रतीची १०० ग्रॅम पिसं भरलेल्या जॅकेटपेक्षा ६०० प्रतीची २०० ग्रॅम भरलेलं जॅकेट दीडपट हवा धरतं. वजन जास्त, पण ऊबही जास्त. तेव्हा आत किती ग्रॅम भरलंय ते विचारा. लेबलवर ते बहुधा बारीक अक्षरात असतं, किंवा नसतंच.

मग टाके बघा. बाहेरचं आणि आतलं कापड थेट एकमेकांना शिवलेलं असेल, तर त्या प्रत्येक शिवणीवर पिसं शून्य. हलक्या थंडीत हे चालून जातं. कडाक्याच्या थंडीत मात्र अंगावर गार रेघा ओढल्यासारखं होतं. तिथे दोन कापडांच्या मध्ये उभी पट्टी घालून कप्पे केलेलं जॅकेट लागतं. आणि माप सैलसर घ्या. वरून वारा-पाणी अडवणारं घट्ट कवच चढवलं, की पिसं दबतात आणि पैसे मोजून घेतलेली हवा निघून जाते.

पिसांचा एकच अवगुण, पण मोठा. भिजली की गोळा होतात. म्हणूनच मला उणे २० पेक्षा शून्याच्या आसपासची थंडी जास्त दगाबाज वाटते. उणे २० ला बर्फ कोरडा असतो, हातानं झटकता येतो. शून्याला तो खांद्यावर पडतो आणि वितळतो. अशा हवेत कृत्रिम धाग्याचं भरण बरं. ते जड असतं, पिशवीत कोंबून कोंबून वर्षागणिक चपटं होतं; पण ओलं झालं तरी बऱ्यापैकी साथ देतं.

(दृश्य: चढावर चालणारा गट. तोंडातून वाफ.)

आता चालणाऱ्या माणसाकडे बघा. पाठीवर ओझं, समोर चढ, आणि अंगात गुबगुबीत जॅकेट. अर्ध्या तासात तो आतून चिंब होणार. जाड जॅकेट चालताना घालायचं नसतंच. ते थांबल्यावर घालायचं. चालताना अंगालगत लोकरीचा किंवा पॉलिस्टरचा पातळ थर, त्यावर फ्लीस, आणि वारा असेल तर वाऱ्यापुरतं कवच. निघताना थोडं गारठल्यासारखं वाटलं पाहिजे. दहा मिनिटांत अंग तापतं. सुती बनियन मात्र घरीच ठेवा. सूत पाणी पितं आणि सोडत नाही.

कवचाचं कापड म्हणजे बहुतेक वेळा सूक्ष्म छिद्रांचा पडदा. १९६९ मध्ये बॉब गोर यांनी टेफ्लॉनच्या कुळातलं प्लॅस्टिक झटक्यात ताणलं आणि त्यातून असा पडदा मिळाला. पाण्याचा थेंब आत शिरत नाही, वाफ बाहेर जाते. जाते खरी, पण आपल्या घामाच्या वेगानं नाही. त्यामुळे काखेत चेन असलेलं कवच घ्या. कुठल्याही पडद्यापेक्षा उघडी काख जास्त वाफ सोडते.

(दृश्य: पहाट. तंबूच्या आतल्या कापडावर दवाची खडी.)

हे पांढरं जे चमकतंय, तो आत झोपलेल्यांचा श्वास आहे. थंडीतल्या तंबूबद्दलचा सगळ्यात हट्टी गैरसमज म्हणजे तंबू बंद ठेवला की ऊब राहते. तंबू हिटर नव्हे. तो वारा आणि बर्फ अडवतो, बस. झरोके बुजवले की रात्रभराची वाफ कापडावर गोठते आणि सकाळी स्लीपिंग बॅगेवर झडते. दोन कापडांचा तंबू, माथ्याजवळ झरोका, आणि बर्फ साचला तरी तो झरोका उघडा राहतो का, एवढं तपासा. आत स्टोव्ह पेटवायची सवय तर त्याहून घातक. त्यातून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

आकाराकडे बघताना वजनाचा हिशेब करा. ताजा भुसभुशीत बर्फ कापसासारखा दिसतो, पण एका घनमीटरला ५० ते १०० किलो भरतो. तंबूच्या ३ चौरस मीटर छतावर ३० सेंटिमीटर साचला, तर ४५ ते ९० किलो. म्हणून हिवाळी तंबूच्या भिंती तिरक्या असतात, दांडे जाड असतात आणि एकमेकांना अनेक ठिकाणी छेदून जातात. उन्हाळी तंबूची जाळी इथे नको. तिच्यातून बर्फाची भुकटी आत येते. नेहमीच्या खुंट्याही नकोत, भुसभुशीत बर्फात त्या लोण्यातल्या सुरीसारख्या सुटतात. कापडी पिशवीत बर्फ भरून ती आडवी पुरायची आणि तणावा तिला बांधायचा. आणि हो, हातमोजे घालून तंबू उभा करून बघा. घरी, निवांतपणे. ज्या बकलाला उघडी बोटं लागतात, ते बकल वादळात उपयोगाचं नाही.

खाली काय अंथरायचं, हे लोक शेवटी ठरवतात आणि रात्रभर कुडकुडतात. अंगाखाली पिसं दबलेली असतात, तिथे चटईच कामाला येते. चटई खालची थंडी किती अडवते, त्याचा आकडा म्हणजे आर-व्हॅल्यू. बर्फावर ती ५ च्या वरची घ्यावी.

(दृश्य: पुन्हा काळोख. वारा.)

त्या तिघांचा तंबू एका वादळानं उचलून नेला. दगडी आडोशावरचं कापडी छतही फाटलं, आणि ते आपापल्या गोठलेल्या बॅगांत, उघड्या आभाळाखाली पडून राहिले. वारा थांबल्यावर शोधायला निघाले, तेव्हा तंबू उताराच्या पायथ्याशी सापडला. जवळजवळ धड.

त्यानंतरच्या मुक्कामी बॉवर्सनं तंबूच्या माथ्यापासून एक दोरी आणून आपल्या स्लीपिंग बॅगेला बांधली. आता तंबू गेलाच, तर त्याच्याबरोबर जायची त्याची तयारी होती.