ताटातला सॅमन कुठनं आला, काय खाऊन आला

(पडद्यावर: डीप फ्रीजर, पाकिटातला गुलाबी तुकडा)

हे पाकीट छत्रपती संभाजीनगरच्या एका मोठ्या दुकानातलं आहे, आत सॅमनचा तुकडा, किलोचा हिशोब लावला तर भाव दोन हजाराच्या पुढं जातो. काही वर्षांमागं इकडं हा मासा कुणी विचारत नव्हतं, आपल्याकडं मासा म्हणजे रोहू, कटला, मरळ, फार तर पाहुणे आले म्हणून पापलेट. आता जिममधला ट्रेनर सांगतो सॅमन खा, डाएटिशियन सांगते ओमेगा थ्री, म्हणजे माशातली चांगली चरबी, कमी पडायलीय, म्हणून लोक मन घट्ट करून घेतात आणि रात्री मोबाईलवर बघतात तर कुणीतरी सांगायलंय की फार्मचा सॅमन म्हणजे निव्वळ विष, रंग दिलेला, औषधं पाजलेला. मग सकाळी फोन येतो, अरे तू व्हिडिओ करतो ना, खरं काय ते सांग. विचारणारे लोक उगं घाबरट नाहीत, त्यांचे कष्टाचे पैसे जायलेत आणि घरात लेकरं तेच खायलेत. म्हणून जेवढं पक्कं माहीत आहे तेवढंच सांगतो.

पाकिटावर अटलांटिक सॅमन लिहिलेलं असेल तर तो पाळलेलाच आहे असं समजून चला, समुद्रात जाळं टाकून धरलेला अटलांटिक सॅमन बाजारात जवळपास येतच नाही. नॉर्वेत १९७० च्या सुमारास ह्याची धंदा म्हणून शेती सुरू झाली. तिथं डोंगरांच्या मधून समुद्र लांब आत घुसलेला असतो, त्याला फ्योर्ड म्हणतात, त्या पाण्यात गोल मोठे जाळ्याचे पिंजरे टाकतात आणि एका पिंजऱ्यात दोन लाखांपर्यंत मासे ठेवायला कायद्यानं परवानगी आहे. आज नॉर्वे वर्षाला १५ लाख टनांच्या आसपास सॅमन काढतं, त्याच्या खालोखाल चिले हा देश.

आता रंगाचं बघू, कारण सगळ्यात जास्त भीती त्याचीच. समुद्रातला सॅमन कोळंबीच्या जातीचे बारीक जीव खातो, त्यांच्यात अ‍ॅस्टाझँथिन नावाचा रंगद्रव्य असतो, तो मांसात उतरतो म्हणून ते मांस लालसर. पिंजऱ्यातल्या माशाला गोळ्यांचं खाद्य, त्यात हे द्रव्य टाकलं नाही तर मांस राखाडी पांढरट निघतं आणि ते कुणी घेत नाही. म्हणून खाद्यातच अ‍ॅस्टाझँथिन मिसळतात, बहुतेक वेळा कारखान्यात बनवलेलं. पेंटच्या दुकानात शेड कार्ड असतं ना, तसंच सॅमनच्या रंगाचंही कार्ड असतं, २० पासून ३४ पर्यंत नंबर, आणि कोणता नंबर गिऱ्हाइकाला आवडतो ते बघून खाद्य ठरतं. म्हणजे कापल्यावर वरून रंग चोपडलेला नसतो, हे द्रव्य घातकही धरलेलं नाही. पण गिऱ्हाइकाला सांगायला पाहिजे होतं आणि कितीतरी वर्षं सांगितलं नाही. अमेरिकेत २००३ साली मोठ्या दुकानांवर ह्यावरून दावे पडले, तेव्हा कुठं पाकिटावर रंगाचा उल्लेख दिसायला लागला. माझं म्हणणं एवढंच की लाल भडक तुकडा म्हणजे ताजा तुकडा असं धरून चालू नका, रंगावरून ताजेपणा कळतच नाही.

औषधांचं प्रकरण मात्र देशागणिक वेगळंय आणि इथं जरा थांबून ऐका. नॉर्वेत १९८७ च्या आसपास सॅमनला बेसुमार अँटिबायोटिक द्यायचे, मग रोगांवर लसी निघाल्या, एकेका पिल्लाला सुई टोचून लस देतात, आणि तिथला अँटिबायोटिकचा वापर तेव्हापासून जवळपास ९९ टक्के खाली आला. चिलेमध्ये एक बॅक्टेरियाचा रोग आहे त्याच्यावर लस नीट चालत नाही, त्यामुळं तिथं अजूनही वर्षाला शेकडो टन अँटिबायोटिक जातं. दोन्ही मासे सॅमनच, दोन्ही गुलाबीच, पण पाकिटाच्या मागं देशाचं नाव वाचलं की केवढा फरक पडतो बघा. मी स्वतः देश वाचल्याशिवाय घेत नाही, आणि देशच लिहिलेला नसेल तर पाकीट जागच्या जागी ठेवतो.

म्हणून नॉर्वेचं सगळं चांगलं असंही समजू नका. तिथं सी लाइस नावाचा किडा माशाच्या अंगाला चिकटतो, कातडी खातो, तो काढायला मासे पंपानं ओढून कोमट-गरम पाण्यातून काढतात, त्या धावपळीत माशाला जखमा होतात, कित्येक मरतात. २०२३ साली नॉर्वेच्या समुद्रातल्या पिंजऱ्यांमधे ६ कोटींच्या वर सॅमन विकायच्या आधीच मेले, हा आकडा तिथल्याच पशुवैद्यक संस्थेनं छापलेला आहे. इतकी मरतूक असलेल्या कळपातला उरलेला मासा किती धडधाकट असेल, हा प्रश्न खाणाऱ्यानं विचारला तर त्याला कुणी वेडा म्हणू नये.

खाद्याची गोष्ट सोयाबीन पिकवणाऱ्या लातूरवाल्यांना नवल वाटेल अशी आहे. १९९० च्या दशकात सॅमनच्या खाद्यात ९० टक्क्यांच्या आसपास माशाचं तेल आणि माशाची पूड असायची. बारीक माशांच्या चरबीत समुद्रातले पीसीबीसारखे जुने कारखानी विषारी पदार्थ साठलेले असतात, ते तेलातून सॅमनमध्ये यायचे. २००४ साली सायन्स ह्या मासिकात मोठा अभ्यास आला, सातशेच्या आसपास मासे तपासले, पाळलेल्या सॅमनमध्ये जंगली सॅमनपेक्षा पीसीबी जास्त निघालं, युरोपातल्या फार्ममधे तर अजूनच जास्त. जगभर गदारोळ झाला. व्हॉट्सअ‍ॅपवर जे फिरतं त्याचं मूळ बरंचसं तिथं आहे, फक्त तारीख कुणी सांगत नाही. त्याच्यानंतर खाद्य बदलत गेलं, माशाच्या तेलाचा आणि पुडीचा वाटा आता पाव हिश्श्याच्या आसपास राहिला आणि बाकी काय, तर सोयाबीनचं प्रोटीन, मोहरीच्या जातीच्या रेपसीडचं तेल, गहू. ब्राझीलचं सोयाबीन नॉर्वेचा मासा खातोय.

विष कमी झालं हे चांगलंच, पण ज्याच्यासाठी आपण पैसे मोजतो तेच सोबत कमी झालं. ओमेगा थ्री मासा स्वतः फार बनवत नाही, खाल्ल्यातूनच घेतो. स्कॉटलंडच्या फार्म सॅमनचा अभ्यास २०१६ मध्ये आला, २००६ ते २०१५ ह्या काळात ओमेगा थ्री साधारण निम्म्यावर आलं होतं, म्हणजे आधी एका तुकड्यात जे मिळायचं त्याला आता दोन लागतात. तरी आजही सॅमनमध्ये ते भरपूर असतं, कोंबडी-बकऱ्यापेक्षा कितीतरी जास्त, हे खरंय. पण बांगड्यात आणि तारलीतही भरपूर असतं आणि बांगडा आपल्या मार्केटला बर्फात येतोच, भाव सॅमनच्या पासंगालाही नाही. जवसाची चटणी रोज खात असाल तर खात राहा, चांगलीच आहे, फक्त जवसातलं ओमेगा थ्री वेगळ्या प्रकारचं, शरीर त्यातलं थोडंच माशातल्या प्रकारात बदलतं.

आता मला ज्याची खरी काळजी वाटते ते सांगतो. मुंबईपासून इथपर्यंत सव्वातीनशे-साडेतीनशे किलोमीटर, मे महिना, बाहेर ४२ डिग्री, गाडीचं कूलिंग चालू होतं का बंद होतं कुणी बघितलं? दुकानात लाईट गेली, जनरेटर किती वेळानं लागला? एकदा वितळलेला मासा परत गोठवला तर त्याचं पाणी सुटतं. हे पाकीट जवळून बघा, कोपऱ्यात बर्फाचे मोठे मोठे खडे जमलेत आणि खाली गुलाबी पाणी गोठून बसलंय, तुकड्याची कड पांढरट, सुकलेली. असं दिसलं की समजायचं, हा बहुतेक मधी कुठंतरी वितळलाय. वितळवल्यावर बोटानं दाबा, खड्डा तसाच राहिला, मांसाचे पदर सुटे व्हायले, वास आंबट आला तर शिजवू नका. कच्चा खायचं फॅड असेल तर त्यात तर अजिबात रिस्क घेऊ नका, गर्भार बाईनं आणि म्हाताऱ्या माणसानं स्मोक्ड सॅमनसुद्धा कच्चाच खाऊ नये, त्यात लिस्टेरिया नावाचा जंतू सापडतो आणि तो फ्रीजच्या थंडीतही वाढतो.

(पडद्यावर: पैठण, नाथसागराचा काठ, सकाळची विक्री)

नॉर्वेचे एवढे आकडे आपल्याला कळले कारण तिथं कुणीतरी विचारलं आणि कुणालातरी छापावं लागलं. इथं पैठणला मावशी रोहूचा कल्ला उचलून दाखवतात, "बघ दादा, कसा लालेलाल हाय, पहाटंचा माल हाय." जायकवाडीचा मासा असेल तर मावशींच्या शब्दावर माझा भरवसा आहे, त्यांच्या घरचेच लोक होडी घेऊन गेलेले असतात. पण त्याच ओळीत पुढं थर्माकोलचे डबे उघडायलेत, तो आंध्राचा माल, तळ्यातला, बर्फात दोन-तीन दिवस प्रवास करून आलेला. शेजारी पंगस, तोही तळ्यातलाच. मावशींना विचारलं ह्याला काय खायला घातलं, औषध काय दिलं? त्या म्हणाल्या, "ते आमाला कोण सांगायलंय बाबा, डबा येतो, आमी इकतो." खरंच बोलल्या त्या. त्यांच्यापर्यंत एक चिठ्ठीसुद्धा येत नाही.

२०१८ मध्ये केरळात सरकारनं तपासणी केली तेव्हा फॉर्मालिन मारलेले मासे टनावारी पकडले, मढं टिकवायला जे वापरतात ते. पुढच्या वर्षी जानेवारीत पाटण्यात आंध्राच्या माशाची विक्री काही दिवस बंद करावी लागली. थाई मांगूर ह्या परदेशी माशावर २००० सालापासून बंदी आहे, तरी सडकं मांस घालून त्याला वाढवणारी तळी महाराष्ट्रात सापडत राहिली आणि मत्स्य विभागाला जाऊन नष्ट करावी लागली. क्लोरॅमफेनिकॉल, नायट्रोफ्युरान असली अँटिबायोटिक औषधं खाण्याच्या माशाला द्यायला आपल्या कायद्यात बंदीच आहे. कायदा कागदावर आहे, पण आमच्या जिल्ह्याच्या मार्केटात शनिवारी सकाळी तपासायला कोण येतं?

आपले शेततळेवाले पोरं मला इथं आठवतात. दुष्काळी पट्ट्यात प्लास्टिकचा कागद अंथरून, टँकरच्या भावानं पाणी जपून, त्यात रोहू-पंगस टाकणारे कितीतरी जण बीडला, जालन्याला आहेत, चांगलं खाद्य घालतात, औषध टाळतात, आणि बाजारात त्यांचा मासा आणि कुठला कोणाचा मासा एकाच भावात जातो. त्यांनी काय घातलं ते एका पाटीवर लिहून लावलं तर मी तरी दहा-वीस रुपये किलोमागं जास्त द्यायला तयार आहे आणि ओळखीचे बरेच जण तयार होतील.

पाकिटातला सॅमन घेताना मागची बाजू वाचा: देश, आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, एफएसएसएआयचा (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) लायसन नंबर, तारीख, बर्फ वगळून निव्वळ वजन. ह्यातलं काही नसेल तर दुकानदाराला विचारा, बिल घ्या, फोटो काढा आणि फूड सेफ्टी कनेक्ट ॲपवर नाहीतर जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या ऑफिसात तक्रार टाका. सुट्ट्या मच्छीसाठी कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेनं २०१८ मध्येच साधी पट्टी काढलीय, माशावर घासायची, थेंब टाकायचा, फॉर्मालिन किंवा अमोनिया असेल तर रंग बदलतो, मिनिटांचं काम. नांदेड, परभणी, लातूर, धाराशिव, जिथं जिथं पालिकेचं मच्छी मार्केट आहे तिथं ह्या पट्ट्यांचा एक डबा आणि त्या चालवणारा एक माणूस पालिकेनं ठेवावा, आणि मावशीच्या डब्यावर माल कोणत्या तळ्यातून कोणत्या तारखेला निघाला त्याची चिठ्ठी पाठवणाऱ्या व्यापाऱ्यानं लावावी. पालिकेच्या पुढच्या सर्वसाधारण सभेला आम्ही हेच लेखी देणार आहोत, तुमच्या गावातही द्या.