काळ्या वायरीचा माग

(पाऊस. पत्र्याच्या शेडखाली उभा मालवाहू टेम्पो.)

चिपळूण. पावसाला उसंत नाही. टेम्पोचा ड्रायव्हर भिजतच आत येतो.

"मिस्त्री, ब्रेक दाबला की मागचा इंडिकेटर मंदावतो. आणि नंबरप्लेटचा दिवा आपोआप मिणमिणायला लागतो."

"बल्ब बदललास?"

"दोनदा."

मिस्त्री बल्बला हातच लावत नाहीत. एका दिव्याचं बटण दाबल्यावर दुसरेच दिवे बिघडतात, तेव्हा पहिला संशय अर्थिंगवर, म्हणजे करंटच्या बॅटरीकडे परतीच्या वाटेवर घ्यायचा. मागच्या दिव्यात ब्रेकची फिलामेंट 21 वॉटची, पार्किंगची 5 वॉटची, शेजारी इंडिकेटर. या टेम्पोत सगळ्यांची परतीची वाट एकच, ही काळी वायर. ती अडली की करंट शेजारच्या फिलामेंटमध्ये उलटा शिरतो आणि मिळेल त्या वाटेनं बॉडी गाठतो.

(मीटरची तार दिव्याच्या कपलरवर, म्हणजे वायरी जोडणाऱ्या प्लगवर.)

मीटरची लाल तार दिव्याच्या अर्थ पिनला, काळी थेट बॅटरीच्या मायनसला. आकडा शून्य.

"आता दाब ब्रेक."

3.9 व्होल्ट! बॅटरीच्या बारापैकी जवळपास चार व्होल्ट या काळ्या वायरीतच खर्ची पडतायत. चांगल्या जोडावर हा आकडा 0.1 च्या आसपास राहतो. पाय काढला, पुन्हा शून्य.

ही एवढी गोष्ट नीट बघून ठेवा. बल्ब काढून नुसत्या होल्डरला मीटर लावला, तर तिथे बारा व्होल्ट दिसतात आणि 'वायरिंग ठीक आहे' म्हणून गाडी परत जाते. मीटरला करंट लागतोच किती? गंजलेल्या जोडातूनही तेवढा सहज जातो. 21 वॉटच्या बल्बला मात्र पावणेदोन अँपिअर हवे असतात, आणि तिथे जोड उघडा पडतो. म्हणून दिवा चालू ठेवूनच मोजायचं.

22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी या शहरात शिरलं. पुरात बुडालेल्या गाडीचं ऑइल बदलता येतं, सीट वाळवता येते. कपलरच्या आत बसलेला गाळ आणि ओल मात्र वरून दिसत नाही. पितळेच्या भांड्यात ताक कळकावं तशा पिना आतल्या आत हिरव्या पडत जातात, आणि दोष कधीकधी महिन्यांनी डोकं वर काढतो.

या टेम्पोचा कपलर उघडला तर तेच. मिस्त्री पिनेमागची वायर सोलतात. आतलं तांबं काळंठिक्कर. समईच्या वातीत तेल चढतं तसं पाणी तारांमधून वर चढलंय. ते कापत जातात. एक इंच, दोन इंच, चौथ्या इंचाला लखलखीत तांबं लागतं. याच वायरीला मधे एक बारीक भोक आहे. कुणीतरी टेस्ट लॅम्पची सुई खुपसून करंट तपासला होता. पाण्याला आत शिरायला तेवढं दार पुरलं. ही सवय खरंच सोडायला हवी.

(पक्कड, नवी पिन, स्लीव्ह.)

तेवढ्याच जाडीची नवी वायर. पिळून टेप गुंडाळायचं काम इथे चालत नाही; कोकणातल्या दोन पावसाळ्यांत टेपचा चिकटा सुटतो. सोल्डरही जपून. ते तारांमध्ये भिनून वायर ताठ होते आणि गाडीच्या हादऱ्यांनी नेमकी तिथेच तुटते. मिस्त्री जोड क्रिंपिंगच्या पकडीनं दाबतात, वर आतून गोंद असलेली स्लीव्ह गरम करून बसवतात. चासीवरचा रंग घासून पत्रा उघडा करतात, वायरीच्या टोकाची धातूची कडी, म्हणजे लग, त्यावर कसतात, मग वरून ग्रीस. शेवटी कपलरच्या अलीकडे वायरीला खाली थोडा झोळ देतात, म्हणजे ओघळणारं पाणी तिथूनच गळून पडेल.

"दाब ब्रेक."

0.06.

टेम्पो मागे येतो. ओल्या रस्त्यावर लाल उजेड पसरतो, आणि शेजारचा इंडिकेटर आपल्या तालात लुकलुकत राहतो.